तिचा कंप्युटर, माझे नकाशे

मी आठवीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात काका इंग्लंडहून परतले. ते डॉक्टर. तिकडच्या इस्पितळात काही वर्षं काढून आले आणि त्यांनी आमच्याच शहरात, कंपू भागात घर घेतलं. त्यांच्याबरोबर माझ्याच वयाची माझी चुलत बहीण आली, आणि तिच्याबरोबर आला एक कंप्युटर. शाळेच्या पाटीपेक्षा लहान, काळा, रबरी बटणांचा. तो टीव्हीला जोडायचा आणि शेजारी टेपरेकॉर्डर ठेवायचा, कारण खेळ कॅसेटवर असायचे. कॅसेट लावली की पाच मिनिटं नुसता किंचाळण्याचा आवाज, टीव्हीच्या कडांना थरथरणारे निळे-पिवळे पट्टे, आणि मग एकदम खेळ समोर.

मी रोज दुपारी डोक्याला ओढणी गुंडाळून जयेंद्रगंजमधल्या आमच्या घरून सायकलने कंपूला जायचे. काकूला वाटे, मला बहिणीचा लळा लागलाय. खरं म्हणजे ती मला आवडत नव्हती. मला तिचं सगळं हवं होतं.

तसे खेळ मी पुढे कुठेच पाहिले नाहीत. नंतर आलेले अमेरिकी, जपानी खेळ गुळगुळीत. चुकलं तरी खेळणाऱ्याला गोंजारणारे. हे इंग्लंडचे मात्र तिरसट. कुण्या पोरानं आपल्या खोलीत एकट्यानं बसून, स्वतःशीच हसत केलेले वाटायचे. आमच्या आवडत्या खेळात लांब नाकाचा एक पोस्टमन एका प्रचंड बंगल्यात हरवला होता. खोलीमागून खोली, आणि प्रत्येक खोलीला खाली काहीतरी वेडगळ नाव. कुठे चालते मोजे अंगावर यायचे, कुठे चिडलेली किटली. का, ते कुणी सांगत नसे. उडी केसभर चुकली की मेलात. पोस्टमन पांढरा, पण हिरव्या वेलीजवळून गेला की गुडघ्यापर्यंत हिरवा व्हायचा. पडद्याच्या एका चिमुकल्या चौकोनात दोनच रंग मावतात, असं काकांनी सांगितलं होतं. मला तो हिरवा झालेला फार आवडायचा.

पण खेळायची ती. मी बघायचे.

"तुझ्या हाताला घाम येतो. बटणं खराब होतील."

"एकदाच दे ना."

"रुक ना यार, बीच में मत बोल!"

कधी दिलाच, तर मी दुसऱ्या खोलीत मरायचे. ती अकराव्या खोलीत सहज पोचायची. खोलीचं नाव वाचून हसायची, आणि मी "काय गं?" विचारलं की म्हणायची, "ते तिकडचं आहे, तुला नाही समजणार."

मग मी नकाशे काढायला लागले. आमचे आजोबा मध्य भारत राज्याच्या सरकारी कचेरीत नकाशे काढत. ते राज्य मध्य प्रदेशात विलीन झालं, कचेरी भोपाळला हलली, तेव्हा जुन्या राज्याचं नाव छापलेला चौकटींचा कागद कुणालाच नको होता. आजोबांनी तो घरी आणून ठेवला होता. त्या पिवळ्या पडलेल्या कागदांवर मी बंगल्याची एकेक खोली उतरवली: कुठली फळी कुठे, किटली कुठून कुठवर जाते, कुठल्या चौकटीवरून उडी घ्यायची. कागद चिकटवत गेले. ती माझा नकाशा बघून खेळायला लागली आणि चाळिसाव्या खोलीपर्यंत गेली.

एक दिवस तिच्या शेजारच्या मुली आल्या होत्या. नकाशा तिच्या पलंगाच्या वर भिंतीला लावलेला.

"हे कुणी काढलं? मस्त आहे!" एकीनं विचारलं.

"हमारे गेम का मैप है," ती म्हणाली. बस्स, तेवढंच. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाबांचा चष्म्याचा बारीक स्क्रूड्रायव्हर कंपासपेटीत घालून गेले. टेपरेकॉर्डरच्या झाकणावर एक छोटं भोक होतं, त्यातून एक स्क्रू फिरवून काका कधीकधी आवाज नीट करत. ती सरबत आणायला आत गेली आणि मी तो स्क्रू पाव फेरा फिरवला.

खेळ चढेनात. किंचाळणं यायचं, पण दबकं, उशीखालून आल्यासारखं. काकांना स्क्रू आठवलाच नाही. म्हणाले, "इथल्या उन्हानं कॅसेटी गेल्या." ती दोन दिवस रडली. मला आधी फार बरं वाटलं. इतकं बरं की घरी जाताना मी सायकलवर गाणं म्हटलं.

आठवडाभरानं ते ओसरलं. पश्चात्ताप वगैरे नव्हता. माझा नकाशा चाळिसाव्या खोलीशी अडला होता आणि एकेचाळिसावी कशी असेल हे मला कळत नव्हतं, इतकंच. एका दुपारी ती झोपलेली पाहून मी पुन्हा स्क्रूड्रायव्हर घातला. मूळची जागा आठवेना. मग कॅसेट लावली आणि आवाज ऐकत केसकेसभर फिरवत राहिले. दबका, जरा मोकळा, पुन्हा दबका. शेवटी तो सुईसारखा टोकदार झाला आणि पडद्यावर पट्टे धावले.

मागे वळले तर ती दारात.

"तूच फिरवला होतास ना?"

मी स्क्रूड्रायव्हर कंपासपेटीत टाकला.

"त्या भोकाशी ओरखडा होता. मी पहिल्याच दिवशी पाहिला."

"मग काकांना सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुझं येणं बंद झालं असतं." ती टीव्हीसमोर बसली. "आणि नकाशा कुणी काढला, ते मीही नव्हतं सांगितलं. बस इथे. तू खेळ."

तिनं भांडायला हवं होतं. मला जमलं नसतं असं मोठ्या मनाचं वागून ती तिथेही माझ्यापुढे गेली, आणि मी आणखीच जळले. तरी बसले. तिसऱ्या खोलीत मेले.

सुट्टी संपायच्या आत आम्ही स्वतःचा खेळ केला. आज्ञा तिनं टाइप केल्या, चित्रं मी चौकटीच्या कागदावर काढली. किटली त्यांची, तर आपला चालता पाटा-वरवंटा का नको, असं मी म्हटलं आणि ती इतकी हसली की काकू बघायला आली. आमच्या बंगल्यात पिसाळलेल्या चकल्या होत्या, पाय असलेली मोरी होती. खोल्या फक्त चार. चौथीतली उडी इतकी अवघड की तिलाही जमेना. मला पहिल्या दिवशी जमली; कुठल्या चौकटीवरून उडायचं ते कागदावर मीच मोजलं होतं.

"कशी गं?" ती सारखी विचारत राहिली. तिच्या आवाजात मला ओळखीचं काहीतरी ऐकू आलं. मी सांगितलं नाही.

सुरुवातीच्या पडद्यावर दोघींची नावं यायची होती. तिनं स्वतःचं वर टाइप केलं, माझं खाली. मी कॅसेट काढून घेतली आणि माझं नाव वर येईपर्यंत दिली नाही.