अर्ध्या गोळीची आवणी

मी सोनईच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. भानामती, अंगात येणं असलं काही वर्गात निघालं, की हसून खडू उचलायचे. म्हणून हे लिहिताना जरा अवघडायला होतंय...

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. उन्हाळ्यात मला टायफॉइड झाला. ताप गेला, पण जाताना झोपही घेऊन गेला. वर्गात साधे शब्द आठवेनात. एकदा तंद्रीत उकळतं दूध हातावर ओतून घेतलं, तेव्हा मात्र हे घाबरले आणि मला नगरला डॉक्टरांकडे घेऊन गेले.

"बाई, निजताना अर्धी गोळी," डॉक्टर म्हणाले. "थोडेच दिवस. मग एक दिवसाआड, मग बंद. मनाने वाढवायची नाही. सवय लागली की तिच्याशिवाय डोळा लागत नाही." बाटली यांनी स्वतःकडे ठेवली.

पहिल्याच गोळीने झोप लागली — आणि मी चिखलात उभी. पहाटेचं धुकं, डोंगरउतारावर पायऱ्या-पायऱ्यांची भातखाचरं. एक म्हातारी वाकून रोपं लावत होती. मान वर न करता म्हणाली, "आलीस व्हय? धर ही मूठ." मी लावू लागले. आमच्याकडे ज्वारी आणि ऊस. भाताची आवणी मी जन्मात पाहिली नव्हती...

गोळी घेतली की तेच शेत, मागच्या वेळी सोडलं तिथून पुढे. गोळ्या कमी होत गेल्या, तसं खाचरही सरत आलं. शेवटच्या गोळीला कोपरा भरला. म्हातारीने कंबर सरळ केली. "झालं बग. आता नीज."

त्यानंतर मी गोळीशिवाय झोपू लागले.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही भंडारदरा बघायला निघालो. अकोले मागे पडल्यावर एका वस्तीपाशी गाडी चहाला थांबली. खाली उतरले आणि पाय जागीच थांबले. तीच खाचरं, काही कापून झालेली, काही पिवळी. बांधावर तीच म्हातारी, हातात विळा.

तिने मला नीट न्याहाळलं. "सून बाळंतपणात गेली माझी. वावर पडीकच ऱ्हायलं असतं. तू येत गेलीस म्हनून लावून झालं. बोलली मातुर कंदी न्हाईस."

"आजी, मी इथे पहिल्यांदाच येतेय."

"बरं," ती शांतपणे म्हणाली. "लावलंस, तर खाऊन जा."

तिच्या ओट्यावर बसून मी नव्या तांदळाचा भात खाल्ला.

डॉक्टरांना सांगितलं, तर म्हणाले, गोळीने कधी कधी चमत्कारिक स्वप्नं पडतात. पडत असतील... पण माझं स्वप्न त्या म्हातारीने जागेपणी कसं पाहिलं, ते त्यांना सांगता आलं नाही. मलाही अजून नाही.