फोड तोंडात असताना बोलू नये

बन्सीमामा गेले हे मला नवीन जालन्यात, ज्यूसच्या गाड्यावर कळलं आणि हातातला ग्लास मी गाडीवाल्याच्या अंगावरच फेकला. आमच्या आजोळी दुःख असंच बाहेर पडतं... गाडीवाल्यानंही मला दोन लगावल्या, म्हणून जरा बरं वाटलं.

वडीगोद्रीजवळच्या आमच्या बागेत पहिली फोड मामांनी चाखल्याशिवाय मोसंबीची तोडणी सुरू होत नसे. डोळे मिटून ते चघळत बसत. "आधी नुसतं गोड येतं, मंग नाकात मोसंबी चढती, शेवटी मागून कडवट. तवर कुणी बोलायचं न्हाई!" मधेच बोललेल्या एका व्यापाऱ्याला त्यांनी असा हाणला, की तो उडून थेट घनसावंगीच्या बसमध्ये पडला, तेही खिडकीच्या जागेवर. मग एकोणीसशे नव्वदच्या आसपास पाण्याच्या पाळीवरून धाकट्या उत्तममामांशी जुंपली. उत्तममामांनी फावड्याचा दांडा घातला तो भावाच्या डोक्यात, मागून. रक्त पाटानं झाडांच्या आळ्यात गेलं. त्या बहराला मोसंबी आतून लाल निघाली, हे मी अजून शपथेवर सांगतो. टाके सुकले, भाऊ एकमेकांशी बोलायला लागले. मामा पुन्हा दर बहराला फोड चाखून "बराबर हाय" म्हणू लागले.

एकदा उत्तममामांनी गंमत म्हणून त्यांच्या हातावर संत्र्याची फोड ठेवली. मामांनी मिटल्या डोळ्यांनी चघळली. "बराबर हाय. उतरवा मोसंबी."

उत्तममामा पांढरेफटक पडले. "दादा, संत्रं हाय हे..."

"असंल. तू मारल्यापून नाकाला वास न्हाई, गोड तेवढं कळतं. कशाचं गोड, ते न्हाई कळत."

"मंग बोलला का न्हाईस इतके वर्स?"

"तू हिरीत उडी टाकली असती, गाढवा."

उत्तममामांनी फावडं उचललं आणि दांडा स्वतःच्याच तोंडावर घातला. समोरचे दात गेले. दुसरा घाव नाकावर बसणार, तोच मामांनी लाथेनं त्यांना आडवं केलं, छातीवर बसले आणि थोबाडीत मारत रडत ओरडले, "घरात एक तरी नाक राहू दे!"

तेव्हापासून फोड दोघं मिळून खात. उत्तममामा चव मोठ्यानं सांगत, मामा ऐकत आणि उशीर झाला की शिव्या घालत.

परवा बागेत गेलो. मामांची बाज ओट्यावर तशीच. उत्तममामांनी तिच्या कडेला टेकून फोड तोंडात टाकली. "दादा, गोड आलं... आता चढून राह्यली..."

माल घ्यायला आलेला व्यापारी हसला. "मामा, कुणाला सांगून राह्यले?"

उत्तममामांनी भरलेलं क्रेट त्याच्या डोक्यावर उलटं केलं.

"थांब की! कडवट यायचंय अजून."