तळघर खोली क्रमांक तीनमधील खेळणे, एक

विषय: तळघर खोली क्रमांक तीन. ताबाधारक: वृद्ध महिला, एक. वय एकोणसत्तर. उंची बेताची. चष्मे दोन, पैकी एक डोळ्यांवर व एक कपाळावर. व्यवसाय: काही नाही. खोलीत आढळलेली वस्तू: विजेवर चालणारे खेळणे, एक. वस्तूचे स्वरूप: अनधिकृत, अनावश्यक व धोकादायक. आदेश: सदर वस्तू पंधरा दिवसांत हलवावी, अन्यथा इमारत समिती ती हलवील.

हे वर्णन समितीच्या सेक्रेटरींनी जातीनं लिहिलं होतं. त्यांचं रबरी शिक्के बनवण्याचं दुकान आहे, त्यामुळे आमच्या इमारतीत कुठल्याही कागदावर शिक्का फार लवकर बसतो. कागद नोटीस बोर्डावर लागला. बोर्ड जिन्याखाली आहे आणि त्याच्यावरचा दिवा आठ महिने बंद होता, म्हणून लोकांनी तो मोबाइलच्या उजेडात वाचला.

सदर वृद्ध महिलेला इमारतीत तारमावशी म्हणतात. तोंडावर नुसतं मावशी, पाठीमागे तारमावशी. त्यांना दोन्ही ऐकू येतात. एकतीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तारा जोडल्या. सगळ्या गावाची भांडणं, लग्नं, मयतीच्या बातम्या त्यांच्या बोटांखालून गेल्या आणि त्यातला एक शब्दही त्यांनी ऐकला नाही. त्या फक्त तार नीट बसली आहे ना, एवढंच बघत.

खेळणं म्हणजे बारा बाय पाच फुटांचं टेबल. त्यावर दोन स्टेशनं, एक पूल, एक बोगदा, आणि बोटाएवढ्या डब्यांची आगगाडी. टेबलाच्या वरचं सगळं काकांचं, म्हणजे मावशींच्या यजमानांचं. काकांची हयात बेकरीच्या भट्टीपुढे गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी रद्दी आणि खळ कालवून डोंगर करायला घेतले. डोंगर चांगले फुगले आहेत, असं ते अजून म्हणतात.

पहिली वायरिंगही काकांनीच केली होती. रुळांना खालून वीज द्यावी लागते, तेव्हा त्यांनी तारांचं एकच भेंडोळं आणलं, तपकिरी.

"सगळ्या तपकिरी?" मावशींनी विचारलं होतं.

"डोंगराला शोभतात."

गाडी मंगळवारी धावली आणि बुधवारी बोगद्यात थांबली. ऐंशी तपकिरी तारांपैकी रुसलेली कुठली, हे काकांना सांगता येईना. मावशी टेबलाखाली गेल्या आणि पदराला धूळ लावून बाहेर आल्या. "अहो, ही वायरिंग नव्हे, गुंतवळ आहे," त्या म्हणाल्या, आणि कात्री मागितली.

पुढचे सहा महिने त्या चाकं लावलेल्या फळीवर उताण्या पडून काम करत होत्या. बाहेरच्या रुळाची तार लाल, आतल्याची काळी, त्यात बदल नाही. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना एकच नंबर. सांधा असेल तिथे वितळलेल्या कथलाचा डाक दिलेला आणि वर नळी बसवलेली. तारांच्या जुड्या मेण लावलेल्या दोऱ्यानं बांधलेल्या, बोटभर अंतरावर एकेक गाठ, एक्स्चेंजमध्ये बांधत तशा. चिकटपट्टी हा शब्द त्या घरात शिवीसारखा वापरतात. रुळांचे तुकडे चौतीस. एकमेकांना ते पत्र्याच्या कड्यांनी जोडलेले असतात आणि बहुतेक हौशी लोक वीजही त्या कड्यांवरच सोपवतात. मावशींनी प्रत्येक तुकड्याला स्वतःच्या दोन तारा दिल्या. "शेजाऱ्यानं दिलं तर ठीक," त्या म्हणत, "पण आपल्या घरात आपलं असावं."

पाहुणे येत, डोंगराचं कौतुक करत आणि जात. टेबलाखाली आजवर कुणी वाकलं नव्हतं.

समितीला ती खोली हवी होती, समितीच्या खुर्च्या ठेवायला. आणि टेबल खोलीतच बांधलेलं असल्यामुळे दारातून निघत नव्हतं. हलवायचं म्हणजे करवतीनं कापायचं.

"अगं, सही करून टाकू," काका म्हणाले. "छोटंसं करू नवीन. कपाटावर मावेल असं."

"कपाटावर तुमचे डोंगर ठेवा. माझ्या तारा कुठे ठेवू, उशाखाली?"

मावशी काकांना घेऊन समितीच्या बैठकीला गेल्या. बसा म्हटल्यावरही बसल्या नाहीत.

"मावशी, समजून घ्या," सेक्रेटरी म्हणाले. "एक तार निसटली की संपलं. ठिणगी, आग, सगळी इमारत."

"मग निसटवून दाखवा."

"म्हणजे?"

"खाली या. हाताला येईल ती तार काढा. गाडी थांबली, तर करवत मी स्वतः आणीन."

काकांना ठसका लागला. "अगं, माझा बोगदा..."

"बोगदा थांबत नाही. गाडीचं बोलतेय मी."

सेक्रेटरी सावध माणूस. त्यांनी सरकारी विद्युत तपासनीस बोलावला. आली एक तरुण बाई, हातात टॉर्च, खांद्याला पिशवी. तिनं डोंगरांकडे बघितलंसुद्धा नाही. बूट काढले, फळीवर आडवी झाली आणि टेबलाखाली सरकली. वीस मिनिटं तिचे फक्त मोजे दिसत होते. उजव्याला भोक होतं.

"ह्या गाठी कोणी मारल्या?" खालून आवाज आला.

"मी," मावशी म्हणाल्या.

"सगळ्या?"

"मग काय, अर्ध्या शेजारणीनं?"

टॉर्चचा उजेड टेबलाखाली एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला. मग, "सतरा नंबरची काळी. दुसरं टोकही सतराच आहे."

"नसतं, तर एकतीस वर्षं मी काय तिथे पेपर वाचत होते?"

मोजे हलले. तपासनीस हसत असावी.

मावशींनी गाडी सोडली आणि सेक्रेटरींच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला. "डावीकडे फिरवला की सुटतो," त्यांनी मदत म्हणून सांगितलं. सेक्रेटरी गुडघ्यांवर बसले आणि टेबलाखालच्या स्क्रूंच्या पट्टीवरची एक लाल तार सोडवली. गाडी पुलावरून गेली. त्यांनी एक काळी सोडवली. गाडी स्टेशनातून गेली. तिसरी त्यांनी नीट निवडून, बोगद्याखालची काढली. गाडी बोगद्यात शिरली. काकांनी डोळे मिटले. गाडी पलीकडून बाहेर आली.

"हे कसं काय?" सेक्रेटरींनी तपासनीस बाईला विचारलं, मावशींना नव्हे.

"त्या तुकड्यांना आता कड्यांमधून शेजारचे तुकडे वीज देतायत," खालून उत्तर आलं. "एरवी त्यांना गरज नसते."

"अजून काढा," मावशी म्हणाल्या. "अडुसष्ट आहेत."

सेक्रेटरी उठले. पँट झटकली, भिंतीपाशी गेले आणि तिथला प्लग मुठीत धरला. "आणि हा निघाला तर?" म्हणून त्यांनी तो ओढला.

प्लगबरोबर सॉकेट आलं. सॉकेटबरोबर वीतभर गिलावा आला. मागून दोन तारा लोंबू लागल्या, प्रत्येकीचा सांधा नुसता पिळलेला आणि काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेला. गाडी थांबली.

"थांबली!" सेक्रेटरी म्हणाले. आनंद लपवण्याचा त्यांनी प्रयत्न केला नाही. "थांबली तर करवत, असं ठरलं होतं."

"माझी तार काढून थांबली तर," मावशी म्हणाल्या. "ही तुमची आहे."

"हात लावू नका कुणी. आधी मेन बंद करा," म्हणत तपासनीस फळीसकट बाहेर आली. मेन बंद झाल्यावर तिनं टॉर्चच्या उजेडात भिंतीतलं भोक बघितलं. "हे काम कोणाचं?"

सगळ्यांनी सेक्रेटरींकडे बघितलं. शेवटी सेक्रेटरींनाच सांगावं लागलं. "समितीच्या अधिकृत ठेकेदाराचं."

"चिकटपट्टी," काका म्हणाले, हलक्या आवाजात, आणि शेजारी बायामाणसं आहेत हे आठवून गप्प झाले.

अहवाल दोन ओळींचा आला. खोली तीनमधली बारा व्होल्टची जोडणी: हरकत नाही. इमारतीची जोडणी: पूर्ण बदलावी. खुर्च्या जिन्यात राहिल्या. खोलीतलं नवं सॉकेट ठेकेदारानं तीन वेळा बसवलं, कारण मावशी मागे उभ्या होत्या. त्यानंतर तो ठेकेदार फोन उचलेनासा झाला.

मग एका सकाळी सेक्रेटरी तळघरात आले. दारातच उभे राहिले. "मावशी, बोर्डावरचा तेवढा दिवा जरा बघता का?"

मावशी फळीवर होत्या. "मी?" टेबलाखालून आवाज आला. "तुमचा कागद बघा. व्यवसाय: काही नाही. अशा बाईनं इमारतीच्या दिव्याला हात लावणं बरं दिसेल का?"

"अहो, ते लिहायचं म्हणून लिहिलं हो."

"मग खोडायचं म्हणून खोडा. तार जोडणारी. दोनच शब्द आहेत. खाली तुमचा शिक्का मारा, संध्याकाळच्या आत दिवा लावते."

सेक्रेटरींनी विचार केला. मंजूर कागदात बदल करायचा तर सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, असं त्यांनी सांगितलं.

"घ्या की. मला घाई नाही. माझ्याकडे उजेड आहे."

सभेची नोटीस लागली आहे. विषय: तळघर खोली क्रमांक तीनच्या ताबाधारकाच्या व्यवसायाच्या रकान्यातील दुरुस्ती. सर्व सभासदांनी वाचून नोंद घ्यावी, असं खाली शिक्क्यासह म्हटलं आहे. बोर्डावरचा दिवा बंद आहे.