छबुबाई प्रयोगाला बसल्या

लग्नानंतर राजनंदिनीनं नेकनूरच्या कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं आणि मानसशास्त्र घेतलं, तेव्हा तिच्या सासूबाईंनी, छबुबाईंनी, सगळ्या गल्लीत सांगून टाकलं, "सून येड्याचं शिकायलीय. आमच्या घरात कोन येडं हाय, देवाला ठाऊक." त्या दिवसापासून सुनेनं जरा रोखून पाहिलं, की छबुबाई पदर सारखा करून म्हणायच्या, "बघू नको तसं. माझ्या मनात काय न्हाई."

कॉलेज बारकं. शेवटच्या वर्षाला मानसशास्त्राच्या पोरी दोनच, राजनंदिनी आणि स्वप्नाली. प्रयोगात एकीनं विचारायचं, दुसरीनं उत्तर द्यायचं. दोघींना एकमेकींच्या मनातलं इतकं पाठ झालं होतं, की प्रश्नाआधीच उत्तर यायचं. आणि नेमकं प्रॅक्टिकलच्या सकाळी स्वप्नालीला गालफुगी झाली.

"तिची परीक्षा पुढं घेऊ," कॉलेजातल्या बाई फोनवर म्हणाल्या, "पण तुला कुणीतरी माणूस आणावंच लागंल."

नवरा अंगद पाटोद्याला बाजाराला गेलता. घरात माणूस म्हणजे छबुबाईच.

"मला सुई-बिई टोचणार न्हाईत ना?" त्यांनी ठेवणीतलं लुगडं काढता काढता विचारलं.

"न्हाई आत्याबाई. मी एक शब्द म्हणंल, तुमच्या मनात पहिलं येईल ते बोलायचं."

"आन् वाईट आलं तर?"

"तरी बोलायचं."

"मंग चल. लई दिवसाचं साठलंय."

बाहेरून आलेले परीक्षक घड्याळ घेऊन शेजारी बसले. राजनंदिनीनं शब्दांची यादी पुढं घेतली.

"पाऊस."

"वाळवण."

"लगीन."

"मानपान."

"चहा."

"पांचट!"

परीक्षकांनी हळूच राजनंदिनीकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली आणि पुढचा शब्द वाचला, "नवरा."

छबुबाई लुगड्याचा काठ चाचपत बसल्या. परीक्षकांनी घड्याळ बघून काहीतरी लिहिलं.

"काय लिवलं त्यांनी?"

"उत्तराला उशीर झाला की मनात काही दडलंय असं धरतात, आत्याबाई."

"दडलेलं काय बी न्हाई!" छबुबाई उसळल्या. "माणूस चांगला होता. रुसायचा लई, एवढंच." आणि मग जरा वेळ त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. राजनंदिनीनं पुढचा शब्द मुद्दाम सावकाश वाचला.

"परीक्षा."

"ह्या पोरीला पास करा सायेब, पहाटं उठून वाचती."

"मावशी, एकच शब्द बोलायचा," परीक्षक म्हणाले.

"पास!"

परीक्षकांना हसू आवरेना. शेवटी त्यांनी राजनंदिनीला विचारलं, "यांच्या स्वभावाबद्दल तुमचा निष्कर्ष?"

छबुबाई कान टवकारून बसलेल्या. राजनंदिनीनं त्यांच्याकडं एकदा पाहिलं. "सर, निष्कर्ष घरी गेल्यावर काढला तर चालंल का?"

चालला. मार्कही चांगले पडले.

पण छबुबाईंना त्या खेळाचं याड लागलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी शेजारच्या साखराबाईला ओट्यावर गाठलं. "पटकन बोल. छबु!"

"भांडण," साखराबाई बोलून गेली.

दोघींचं बोलणं बंद झालं. राजनंदिनी समजूत घालायला गेली, तर साखराबाईनं तिला हाताला धरून बसवलं आणि स्वतःच्या सुनेचं गाऱ्हाणं सुरू केलं. दिवेलागण झाली तरी ते संपेना. राजनंदिनी मधेमधे नुसतं "बरं" म्हणत होती. उठताना साखराबाई म्हणाली, "लई हलकं वाटलं बघ. उद्या बी ये. आन् तुझ्या सासूला सांग, मी रागावलेली न्हाई. पर शब्द माघारी घेनार न्हाई."