मोठ्याने बोलणारे भाऊजी

आमचे धाकटे भाऊजी मोठ्याने बोलतात. भांडखोर मुळीच नाहीत. एका इस्पितळाच्या तळघरात, सर्व्हरच्या खोलीत त्यांचा जन्म गेला. तिथे पंख्यांची अखंड घरघर आणि गारठा इतका, की बाराही महिने अंगात मी विणलेला स्वेटर. सोबतीला माणूस नाही. लग्न राहून गेलं ते गेलंच. रविवारी आमच्याकडे जेवायला आले की मी म्हणायची, "भाऊजी, मी समोर बसलेय, पलीकडच्या गल्लीत नाही."

मागच्या वर्षी वरून हुकूम आला, रुग्णांची सगळी माहिती क्लाउडवर न्यायची. म्हणजे आपली यंत्रं मोडीत काढायची आणि दुसऱ्या कंपनीच्या यंत्रांवर भाड्याने जागा घ्यायची. तीन कंपन्या पारखून भाऊजींनीच एक निवडायची. एकही धड निघाली नाही, तर खोली आहे तशी राहणार.

"मग एकही धड नाही म्हणा की," मी म्हटलं. "कोण तपासायला येतंय?"

"बघू," एवढंच.

त्यांनी माझ्या नावाने एक खोटी रुग्ण तयार केली.

"आजार कोणता दिलात मला?"

"मधुमेह. साखरेच्या डब्याकडे किती फेऱ्या होतात, बघतो ना मी!"

ती रुग्ण तिन्ही कंपन्यांकडे ठेवली, मग मुद्दाम पुसली आणि परत मागितली. स्वस्तवाल्यांनी मला आणलं, पण रक्ताच्या तपासण्या हरवून. दुसरीचा गोडबोल्या साहेब नेमका रजेवर, त्यामुळे मी परत आलेच नाही. तिसरीकडे फोनसुद्धा करावा लागला नाही; एक कळ दाबली अन् मी जशीच्या तशी हजर, गोळ्यांच्या वेळांसकट.

"झकास! मग तोंड पाडून का बसलात?"

"वहिनी, तिथे मधे माणूसच लागत नाही."

"तर मग करा तिला नापास."

"खोटी रुग्ण तुम्ही होतात म्हणून हसलो. उद्या खरी कोणीतरी असेल." हेही ओरडूनच, शेजारच्यांनीही ऐकलं असेल.

त्यांनी तिसरीच निवडली. खोली रिकामी झाली. भाऊजींना वरच्या मजल्यावर, काचेच्या दालनात टेबल मिळालं. पहिल्याच दिवशी त्यांनी फोनवर "हॅलो" म्हटलं आणि सगळ्यांच्या माना वळल्या. कोणीतरी फिसकन हसलं.

गेल्या रविवारी आले. स्वेटर घडी घालून पिशवीत. ताटावर बसले आणि काहीतरी म्हणाले. हातातला डाव तसाच धरून मी पुढे वाकले.

"काय म्हणालात, भाऊजी?"

इतक्या वर्षांत हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं.

"मीठ," ते म्हणाले. तेही मला ओठांवरूनच कळलं.