झोपवणारी आत्या

कितीही हट्टी, कितीही किंचाळणारं मूल आत्याच्या हातात द्या, पाव तासात ते गाढ झोपलेलं असायचं. ज्या कार्ट्यांपुढे आम्ही मोठी भावंडं हात टेकायचो, त्यांची तिच्यापुढे मात्रा चालत नसे. काळेवाडीत सगळे तिला ‘झोपवणारी आत्या’ म्हणत. नात्यानं ती कुणाचीच आत्या नव्हती.

तिची शेती कारखान्यांसाठी गेली होती. घराच्या पडवीत तिनं जुन्या लुगड्यांच्या चार झोळ्या टांगल्या होत्या. आमच्या आया तेव्हा नुकत्याच कारखान्यात जाऊ लागल्या होत्या. माझी आई पॅकिंगला होती. सकाळचा भोंगा व्हायच्या आत ती माझ्या धाकट्या भावाला, सहा महिन्यांच्या बाळूला, आत्याकडे सोडायची. आत्या चारही झोळ्यांच्या दोऱ्या पायाच्या अंगठ्याला बांधायची आणि पाय हलवत तांदूळ निवडत बसायची. चार पोरं आणि एक अंगठा! घरी मी तो प्रयोग करून पाहिला, तेव्हा बाळू काही झोपला नाही, माझा अंगठा मात्र सुजला.

“लेकरू निजलं की आय मोकळी,” असं ती म्हणायची. कुणी कुरकुरलं तर दटावायची, “रडतुयास कशाला रं? तुजी आय काय पळून गेली न्हाई. भोंगा झाला की येतीया.” शाळेतून आल्यावर मला गूळ-शेंगदाणे द्यायची आणि वेण्या इतक्या घट्ट घालायची की माझ्या भुवया वर ओढल्या जायच्या. तिची आमच्यावर माया होती, याबद्दल मला आजही शंका नाही.

बाळू दिवसभर रडत नाही याचं आईला कोण कौतुक! “किती शहाणं बाळ आहे,” असं ती शेजारणींना सांगायची. तो अंगानं भरत नव्हता, संध्याकाळीसुद्धा पेंगत असायचा. पण शहाणी बाळं अशीच असतात, अशी आमची समजूत.

एके दिवशी शाळा लवकर सुटली. पडवीत आत्या सहाणेवर बाळगुटी उगाळत होती. मग तिनं कनवटीची पितळी डबी काढली आणि त्यातला एक काळा कण नखानं गुटीत मिसळला.

“आत्या, हे काय?”

“अफू हाय गं. निजंसाठी.”

मीठ आहे म्हणावं, इतक्या सहज.

संध्याकाळी मी ते आईला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. मग तिनं बाळूला उचललं, हाका मारल्या, आणि तो डोळे उघडेना तेव्हा त्याच्या तळपायांवर चापट्या मारायला लागली. तो रडेपर्यंत ती थांबली नाही. आई पोराला रडवण्यासाठी मारते, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. मी इतकी हादरले की मीही भोकाड पसरलं.

बाळूला तसंच कडेवर घेऊन ती आत्याकडे धावली. मी मागोमाग.

“आत्या, पोरांना अफू देता तुम्ही? विष आहे ते!”

आत्याला राग नाही आला. ती गोंधळली. “अगं, इस कसलं? कणभर तर असती. खुरपायला जाताना आमी पोरं अशीच बांधावर निजवायचो. माजी सासू द्येत व्हती. मीबी माज्या पोरांना दिली.”

“किती मुलं झाली तुम्हाला?”

“सात. दोन हायती.”

“आणि बाकीची पाच?”

“गेली. सटवीनं तेवढंच लिवलं व्हतं. ताप न्हाई, रोग न्हाई. झोपंतच...”

ती तिथंच थांबली. एका झोळीची दोरी अजून तिच्या अंगठ्याला होती, पण पाय हलायचा थांबला होता. मी नऊ वर्षांची होते, तरी तिला त्या क्षणी काय कळलं ते मलाही कळलं. आई मला हाताला धरून घरी घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी आई कामावर गेली नाही. नोकरी सोडायचीच असं ती म्हणत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या दारात उभी. डोळे सुजलेले.

“डबी चुलीत घातली. दे तुजं लेकरू. रडंल, तर रडू दे. मी हाय.”

आईच्या मनात काय आलं कोण जाणे, तिनं बाळूला आत्याच्या हातात दिलं. मी चाटच पडले. अफूचं कळल्यावर दोन आयांनी नेलेली मुलं पुन्हा कधी आणली नाहीत. माझ्या आईनं मात्र बाळूला दिलं.

बाळूनं पंधरा दिवस घर डोक्यावर घेतलं. आत्या त्याला खांद्यावर टाकून दिवसभर अंगणात फेऱ्या घालायची. पुढे तिची पडवी वस्तीतली सर्वांत गोंगाटाची जागा झाली. एखादं मूल जरा जास्त वेळ झोपलं की ती त्याच्या नाकाखाली बोट धरायची. बोटाला श्वास जाणवला तरी तिला राहवत नसे, मग त्याला उठवूनच बसवायची. त्यावरून आया तिच्याशी भांडायच्या.

बाळू आता धडधाकट आहे, शिफ्टला जातो. मागच्या वर्षी माझी तीन महिन्यांची लेक मी आत्याला दाखवायला नेली. आत्याला दिसायचं बंद झालं होतं. लेक खांद्यावर झोपली होती. मी तिला आत्याच्या मांडीवर ठेवायला वाकले, तर तिनं दोन्ही हात मागे घेतले.

“निजलीया का?”

“हो.”

“मग नगं. आदी उठीव तिला.”

मी लेकीच्या तळपायावर टिचकी मारली. ती किंचाळली, तेव्हा कुठं आत्यानं हात पुढे केले.