गजरीबेनचा हंगाम

पूर्णा नदीच्या काठी साजूपाड्याला आमच्या गावातल्या बायकांच्या मंडळाचा जंगल कॅम्प आहे. बांबूच्या सहा झोपड्या आणि एक चूल. ती चूल गजरीबेन भोयेची. वय पंचावन्नच्या पुढे, नवरा गेल्याला बरीच वर्षं झाली, आवाज असा की नदीपलीकडची बकरी मान वळवते. हा कॅम्प मंडळाच्या नावावर करून घ्यायला मी तीन वर्षं आहव्याच्या सरकारी कचेऱ्यांत साहेबांशी भांडलो. त्यामुळे कॅम्पचं बरंवाईट मला जास्त कळतं असा माझा समज होता.

सुरतेचा एजंट निमेषभाई आला आणि म्हणाला, "एकच सांगा. यायला सगळ्यात चांगला हंगाम कुठला? मला कागदावर छापायचंय."

मी ताबडतोब सांगून टाकलं, "आषाढ. डोंगर हिरवा, नदी भरलेली, ताटात रानातली ताजी भाजी."

त्यानं ते जसंच्या तसं छापलं, आषाढातला दुसरा शनिवार धरून बावीस माणसांचं बुकिंग घेतलं आणि वर सांगितलं, "यांना आवडलं तर पावसाळाभर दर शनिवारी गाडी." मंडळाच्या बायका खूश. गजरीबेननं मात्र तांदूळ निवडता निवडता विचारलं, "त्या शनिवारी तेऱ्याचा सण झालेला असेल का रे, लीडर?"

तेरं म्हणजे आमचं रानातलं अळू. त्याचा सण झाल्याशिवाय आमच्याकडे कुणी नवी रानभाजी तोडत नाही, खात नाही. सणाचा दिवस पंचांगात नसतो, गाव बसून ठरवतं. इथं जन्मलेला मी, शहरवाल्याला आषाढ सांगून बसलो होतो.

पण हार मानली तर मी कसला. गावपाटील लहानूकाकांकडे गेलो आणि दोन तास डोकं खाल्लं. शेवटी ते म्हणाले, "बरं बाबा, पंधरा दिवस अलीकडे घेऊ. देवाला मी समजावतो. गजरीला तू समजाव."

मला वाटलं, देवाचं अवघड होतं ते झालं.

"नाही," गजरीबेन म्हणाली.

"मावशी, पाटील हो म्हणाले."

"पाटलाला गुडघ्यांनी डोंगर चढवत नाही. मी काल जाऊन आले. पान अजून तळहाताएवढं नाही. तू आज सण केलास की उद्या सकाळी सगळे पाडे विळे घेऊन वर जातील. त्यांना काय सांगशील, फक्त पाहुण्यांपुरतं तोडा? कोवळं ओरबाडलं की भादव्यात खाशील काय? तुझी भाषणं?"

"गाड्या बंद होतील. कॅम्प बसेल. मग साहेबांनी तो परत घेतला तर तू जाणारेस का आहव्याला?"

"तू जाशील. तुला भांडायला आवडतं."

मी ताट आपटून उठलो. दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिनं दोन्ही दिवस डबा पाठवला, तो मात्र खाल्ला.

शनिवारी पाहुणे आले. ताटात नागलीची भाकरी, उडदाची डाळ, लसणाची चटणी. हेतलबेन नावाच्या एक शाळामास्तरीण होत्या. त्यांनी कागद पुढे केला. "बेन, यात रानभाजी लिहिलंय."

"लिहायला सांगणारा आमचा लीडर तो तिथं खांबाआड उभाय," गजरीबेन म्हणाली. "भाजी बघायचीय? चला."

भर पावसात डोक्यावर इरलं घेऊन तिनं सगळ्यांना डोंगरावर नेलं, पान दाखवलं, हात लावू दिला, तोडू दिलं नाही. आमचा सण, आमचं थांबणं, सगळं सांगितलं. एक म्हातारबुवा पुटपुटले, "म्हणजे आम्ही लवकर आलो."

"हो. पण डाळ वेळेवर शिजलीय. जेवा."

काही हसले, काहींनी तोंडं वाकडी केली. निमेषभाईचा सोमवारी फोन आला, बाकीचे शनिवार रद्द. मी तिला ते सांगताना आवाज चढवला. ती म्हणाली, "बरं झालं, नागली लावायची राहिलीय," आणि बायकांना घेऊन शेतात गेली. रिकाम्या झोपड्या बघून मला रात्री झोप लागेना.

मग एक दिवस माझ्या फोनवर हेतलबेन. "सण झाला का?"

मी 'या' म्हणणार, तोच गजरीबेननं फोन ओढला. "नाही झाला. मधे पावसानं दडी मारली, पान मागे पडलंय. मंगळवारी विचार." आणि फोन कापला. मी कपाळावर हात मारला. घरी चालून आलेलं गिऱ्हाईक.

मंगळवारी फोन आला. पुन्हा "नाही". त्यानंतरच्या शुक्रवारी मात्र ती म्हणाली, "परवा सण आहे. येताना पोरांना आण, आणि चिंच आण. तेरं घशाला खाजतं."

दोन कुटुंबं आली, एजंटाशिवाय, आपल्या गाडीनं. लहानूकाकांनी देवापुढं पान ठेवलं, मग पाडेच्या पाडे डोंगरावर गेले, आणि त्यांच्यामागं ती सुरतेची पोरं घसरत घसरत. रात्री पानं चिंच घालून शिजली. हेतलबेननी तिसऱ्यांदा वाढून घेतलं. गजरीबेन त्यांच्या ताटाकडे बघत होती तशी माझ्या ताटाकडे कधी बघितलेली मला आठवत नाही.

श्रावणात आणखी तिघांचे फोन आले, हेतलबेनच्या ओळखीतले. पावसाळाभर दर शनिवारी गाडी, असं काही झालं नाही. पण कॅम्प मंडळाकडेच राहिला.

यंदा नवा कागद आम्हीच छापतोय. मी विचारलं, "मावशी, हंगामापुढं काय लिहू?"

"लिहू नको. ज्याला यायचंय तो विचारेल."

"असा कागद कुणी छापतं का?"

"मग तुझा नंबर जरा मोठा छाप," ती म्हणाली, आणि चुलीत लाकूड सारलं.